तीन ओळींची दुरुस्ती

"तिसऱ्यांदा पाठवलीये," गाळणी म्हणाला आणि खुर्ची मागे रेटून हसला. "नाही म्हणजे नाही, हे या बाईला कोणत्या भाषेत सांगायचं?"

शेजारच्या टेबलावरची त्याची सहकारी आपलं काम करत राहिली. अशा वेळी न बोललेलं बरं, हे ती सहा वर्षांत शिकली होती.

गाळणी हे नाव त्याला बरोबरीच्या लोकांनी ठेवलं होतं आणि त्याला ते आवडायचं. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात. त्यातल्या नेटवर्कच्या भागासाठी कुठून कुठून दुरुस्त्या यायच्या, आणि याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक स्वल्पविरामही आत जात नसे. दहातल्या नऊ तो परत पाठवी. नुसत्या नाही, वर दोन टोमणे मारून.

ही दुरुस्ती तीन ओळींची होती. पाठवणाऱ्या बाईचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. मेलच्या खाली एका छोट्या कंपनीचा पत्ता होता. वृद्धाश्रमांना मदतीसाठी वाजवायच्या भिंतीवरच्या घंटा पुरवणारी कंपनी. गाळणीने तिला पहिल्याच दिवशी घंटेवाली करून टाकलं.

तिचं म्हणणं साधं होतं. एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राशी जोडणी मागतो, पण उत्तरासाठी ताटकळत बसत नाही. आपलं काम करत राहतो आणि मधूनमधून विचारतो, झालं का? समोरून नकार आला, तर कर्नेल तो नकार एकदाच सांगतं आणि पुसून टाकतं. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाने पुन्हा विचारलं, तर उत्तर मिळतं, "जोडलं."

पहिल्यांदा त्याने ती परत पाठवली, कारण ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा, कारण खुलाशात तिने एका आजोबांबद्दल लिहिलं होतं. ते न्हाणीघरात पडले. घंटेची दोरी ओढली. नर्सच्या खोलीतला संगणक नुकता पुन्हा सुरू होत होता, त्याने नकार दिला. भिंतीवरच्या घंटेच्या डबीला मात्र "जोडलं" असं कळलं आणि निरोप पोचल्याचा तिचा हिरवा दिवा लागला. आजोबा अडीच तास त्या दिव्याकडे बघत फरशीवर पडून राहिले. गाळणीने सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं, "हे कर्नेल आहे, वृद्धाश्रमाची तक्रारवही नव्हे." खाली बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले.

गुरुवारच्या बैठकीला त्याने तिला मुद्दाम बोलावलं. एकदाचा निकाल लावायचा होता, तोही चारचौघांत. पडद्यावर अकरा चेहरे होते. तिचा बारावा. पिकू लागलेले केस, मागे पत्र्याचं कपाट, त्यावर उघडलेल्या डब्यांची रास.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही ज्या ओळी बदलायला निघालात, त्या कोणाच्या आहेत, ठाऊक आहे?"

"आहे."

"वाटत नाही. ठाऊक असतं तर हात लावला नसता. त्या बाईंनी या भागाचं अर्धं काम एकटीने उभं केलंय. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, सगळं मेलवरच. बारा वर्षं झाली त्यांनी हे क्षेत्र सोडून. अजून त्यांच्या तोडीचं माणूस मी पाहिलेलं नाही. आणि तुम्ही घंटा जोडता जोडता त्यांची चूक काढणार?"

एकदोघे हसले. ती हसली नाही आणि रागावलीही नाही.

"त्यांच्या त्या ओळी तेव्हा तुम्हीच तपासल्या होत्या ना?" तिने विचारलं.

"त्यांचं काय तपासायचं?" तो अभिमानाने म्हणाला. "नाव बघितलं आणि घेतल्या. अकरा मिनिटांत. नोंद आहे, बघा जाऊन."

"बघितली. मी चाचणीही जोडली होती. ती चालवलीत?"

"गरज वाटली नाही."

"आता चालवा. सगळे आहेतच."

त्याने खांदे उडवले. पाणउतारा पुरा करायला याहून चांगली संधी नव्हती. त्याने आपला पडदा सगळ्यांना दाखवला, चाचणी सुरू केली आणि मागे रेलून बसला. समोरच्या यंत्राने नकार दिला. पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, "नकार." दुसऱ्याला आलं, "जोडलं."

त्याने पुन्हा चालवली. मग तिची दुरुस्ती घालून चालवली. आता दोन्ही प्रश्नांना "नकार" आला. ती काढली, की पुन्हा "जोडलं." आता कोणी हसत नव्हतं. सहकारी आपली खुर्ची ओढून त्याच्या मागे येऊन बसली होती आणि ते तीन ओळींचं पान सावकाश वाचत होती. त्याच्या लक्षात आलं, की ते आपण स्वतः अजून शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता. "चूक आहे. पण त्यांच्या हातून अशी चूक व्हावी हे मला पटत नाही. काहीतरी कारण असणार. त्या कुठे भेटल्या तर मी आधी त्यांना विचारीन."

"विचारा."

"म्हणजे?"

"त्या ओळींवर आहे ते माझं लग्नाआधीचं नाव. कारण काही नव्हतं. घाईत लिहिलं आणि चुकलं."

गाळणीने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मग पहिल्याच मेलमध्ये का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर हीसुद्धा तुम्ही न वाचताच घेतली असती."