होळीआधीचा कूलर

लकडगंजच्या दुकानातून पिंटू घरी आला, चपला भिरकावल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बायकोला हाक मारली. त्या हाकेचा सूर ऐकताच त्याची आई सुभद्रा उठली आणि कूलरकडे गेली.

होळी अजून व्हायची होती. नागपुरात होळीआधी कूलर लावणाऱ्याला लोक हसतात. शेजारची नीला तर रोज गच्चीवरून चिडवायची, होळी तरी होऊ दे वं. सुभद्राचं उत्तर ठरलेलं होतं, आमच्या पिंटूले गरमी सहन होत नाही. पत्र्याचा जुना कूलर सुरू झाला की शेजारी बसलेल्याचंही बोलणं ऐकू यायचं नाही. आतल्या खोलीतलं तर नाहीच. मग सुनेचा गाल सुजलेला दिसला तरी ती बाथरूममध्ये घसरली, हे सुभद्राला स्वतःलाही खरं वाटायचं. पोरगा लाखात एक, जरा डोक्याने गरम, एवढंच.

सून, मिनल, हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि सासूजवळ थांबली.

"आई, आज कूलर लावू नका," ती हळूच म्हणाली आणि आत गेली.

सुभद्राचा हात बटणावरच राहिला. कूलर कशासाठी लागतो हे पोरीला कळत नसेल, असं ती धरून चालली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली. आत पिंटूचा आवाज चढला. तिचा नवरा ताराचंद याने पेपरामागून हातानेच खूण केली, लाव लाव. तेवढ्यात चापट वाजली. पाठोपाठ दुसरी.

सुभद्राने कूलरची पिन ओढून काढली आणि पुढचं दार सताड उघडलं.

नीला धावत आली. मागे तिचा नवरा आनंदराव. पिंटू केस सारखे करत बाहेर आला आणि काही नाही काकू, म्हणाला. नवराबायकोत चालायचंच, असं ताराचंदने सुरू केलं.

"पिंटू तिले मारून राहिला," सुभद्रा म्हणाली. "याच्या आधीबी मारलं. मले माहीत होतं."

आईनेच हात उगारल्यासारखा पिंटू तिच्याकडे बघत राहिला. मग दार आपटून निघून गेला. नीलाने मिनलची बॅग भरली, आनंदरावने गाडी काढली.

संध्याकाळी खाप्याहून मिनलचा फोन आला. ती माहेरी पोचली होती. उद्या भावासोबत पोलीस ठाण्यात जाणार होती. मीबी येतो, सुभद्राने सांगितलं. फोन ठेवल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तिने चहा टाकला आणि कितीतरी दिवसांनी तो तिला गोड लागला.

घर शांत होतं. गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक थेट आतपर्यंत येत होती. ताराचंद घुश्शात पेपराने वारा घेत बसला होता.

"गरमी होऊन राहिली," तो म्हणाला. "लाव ना तो कूलर."

"होळी तरी होऊ द्या," सुभद्रा म्हणाली.