यजमानपद

मेरेसेइनीच्या घराला आग लागली तेव्हा गावचा बंब रग्बी जिंकलेल्या पोरांची मिरवणूक काढत होता. शेजारी बादल्या घेऊन धावले, पण तिची आई आतच जळून गेली. अग्निशमन केंद्राचे प्रमुख इलाइतिया यांनी चौकशीत बेधडक सांगून टाकलं, "गल्ली अरुंद, बंब शिरेना." प्रकरण तिथेच मिटलं.

पुढे मेरेसेइनी आसपासच्या सगळ्या बेटांवरच्या अग्निशमन जवानांचं प्रशिक्षण आखू लागली. यंदाच्या प्रशिक्षणाचं यजमानपद तिने इलाइतियांच्याच केंद्राला दिलं, तेव्हा धाकटा भाऊ भडकला.

"ताई, त्या माणसाचा सत्कार करतेस? आईला विसरलीस?"

"तू फक्त ये. येताना गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन ये."

उद्घाटनाला सामोआ, टोंगा, वानुआतूचे जवान सभागृहात दाटीवाटीने बसले होते. इलाइतिया कडक इस्त्रीच्या गणवेशात, गळ्यात फुलांचा हार घालून पहिल्या रांगेत हसत होते. मेरेसेइनीने माइक हातात घेतला.

 

"पहिल्या तासाचा विषय आहे, बोलावूनही बंब का आला नाही. शिकवायला आमची गल्ली आली आहे. अहो इलाइतिया सर, उठताय कुठे? प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत."