साखरेच्या डब्यातला चमचा

"आई, हा गंजलाय. बरणी आणलीय मी," म्हणत सुनेने मालिनीबाईंचा साखरेचा डबा चमच्यासकट सुक्या कचऱ्यात टाकला.

डबा मूळचा दूधपावडरचा, लेकाच्या तान्हेपणीचा. पावडर संपली, साखर आली. आतला इवलासा चमचा मात्र चौतीस वर्षं तोच. त्याने मोजून दोन घातले, की चहा जमायचा.

आता रोज चुकायला लागला. कधी फिका, कधी नुसता पाक. लेक तोही संपवायचा.

महिन्याभराने त्यानेच आपल्या तान्हीचा दूधपावडरचा रिकामा डबा धुऊन, वाळवून आईपुढे ठेवला. आत चमचा होता.

मालिनीबाईंनी साखर भरली, चहा केला, चाखला. "चमचे लहान केले मेल्यांनी!" म्हणत आणखी एक घातला. मग पाळण्याकडे बोट दाखवून सुनेला बजावलं, "हिला बाळ होईपर्यंत हा डबा हलवायचा नाही!"