उजवीकडचं निळं बटण

वसुमतीनं टॅबची कळ दाबली. संगणक तिच्या कानात पुन्हा एवढंच म्हणाला, "चित्र."

कालपर्यंत तो या अंध ऑपरेटरला रक्तपेढीतली एकेक पिशवी वाचून दाखवायचा. आज संगणकावर नवं, देखणं पान आलं आणि सगळा साठा एका चित्रात गेला; चित्रातली अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. जेवणाची सुट्टी होती, खोलीत ती एकटीच.

फोनवरची बाई विचारत होती, "ओ निगेटिव्ह आहे का हो? लेकीचं ऑपरेशन खोळंबलंय."

वसुमतीनं मोबाइलवरून पान बनवणाऱ्याला गाठलं.

"मॅडम, तुमच्यासाठी वाचून दाखवायची सोय केलीय की! वर उजवीकडे निळं बटण आहे, ते दाबा."

"ते बटणही चित्रातच काढलंय का?"



फोनवरची बाई रडकुंडीला आली. "अहो, तुमच्यासमोरच असेल ना सगळं? जरा बघून सांगा ना!"