समोर उभी राहा

गीतकार महाशयांची गाणी म्हणजे एकेक नग. गाण्यातल्या कुणा नायकाचा जीव लिफ्टवर जडलेला, कुणाचा रस्त्यावरच्या दिव्यावर, एकाचा तर चक्क रोडरोलरवर! पोरंसोरं ती गाणी डोक्यावर घेऊन नाचायची. पण समोर कुणी उभं असल्याशिवाय या गृहस्थांना एक ओळ सुचेल तर शपथ, आणि उभं राहायला घरात होती फक्त बायको. हातातलं काम टाकून तिने लिफ्ट व्हायचं, दिवा व्हायचं. बायको म्हणून कधी कानावर न पडलेले लाडाचे शब्द त्या मेल्या रोडरोलरच्या नावाने ऐकून घ्यायचे, आणि वर "हलू नकोस, लिंक तुटते!"

आज ती भाजी चिरत असतानाच ते कागद-पेन घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. "अगं, उभी राहा बघू. नवीन गाणं द्यायचंय."

तिचं डोकं सणकलं. "आज मी काही-बाही होणार नाही," सुरी ओट्यावर आपटत ती म्हणाली. "बायको म्हणून उभी राहते. हिंमत असेल तर लिहा!"

कमरेवर हात ठेवून ती त्यांच्यासमोर ठाकली. ते एकटक बघत राहिले. हळूहळू त्यांची नजर निवली, डोळे पाणावले, पेन कागदावर टेकलं. तिचा निम्मा राग तिथेच उतरला. नकळत तिने कपाळावरचे केस मागे सारले.



"जरा बाजूला सरक गं," ते कुजबुजले. "तुझ्यामागचा फ्रीज नीट दिसत नाहीये."