टीव्हीवरची सनई

माझा कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरात अर्धी गल्ली जमली होती. मधोमध माझे गुरू, लोटूबाबा. दोन्ही डोळे गेलेले, म्हणून टीव्हीकडे कान करून बसलेले. दात पडल्यापासून त्यांनी सनई ओठाला लावली नव्हती.

शूटिंगला खरं वाजवायचंच नव्हतं. चॅनलवाल्यांनी आधीच रेकॉर्डिंग मागितलं होतं, ते मी पाठवलं. मला फक्त गाल फुगवायचे होते. पण दिव्यांच्या उकाड्यात मी सनई बाजूला करून घाम पुसला आणि सूर मात्र चालूच राहिला. चॅनलवाल्यांनी ते कापलं नाही.

पोरं फिदीफिदी हसली. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. बाबांना दिसत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

कार्यक्रम संपला. बाबांनी चाचपडत माझा हात धरला.

"निरंजन, हे वाजवतानी मले मधातच ठसका लागला होता. तेवढा कापला तू, चांगलं केलं."