सरांचा दमा

काकूंनी विळीवर बांगडा कापला आणि "ये गो चिंगे" म्हणत त्याचं डोकं मागे धरलं. घ्यायला कुणीच आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं.

पडवीत पेपर वाचणाऱ्या सरांनी मान वर केली नाही. ते काकूंचे भाडेकरू. इस्त्रीच्या पँटवर मांजरीचे केस सापडले, त्यावरून दोघांची जुंपली होती. "ती घरातलीच आहे. पटत नसेल तर दुसरी खोली बघा," काकूंनी ठणकावलं होतं. तेव्हा सर खोटंच बोलून गेले, की मांजरामुळे आपला दमा बळावतो. दुसऱ्याच दिवशी काकूंनी चिंगीला पिशवीत घालून खाडीपलीकडे बहिणीकडे सोडलं. काकूंचे यजमान दम्यानेच गेले, हे सरांना नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

आता खरं सांगून टाकावं, म्हणून सर उठले. एवढ्यात कुंपणातून चिंगी आली, चिखलाने माखलेली, लंगडत. काकूंनी झटकन तिला पदराखाली घेतलं.

"मी नाही आणली हो, सर. तीच आली. पाय बरा होईपर्यंत राहू दे. मागच्या खोपीत ठेवते. तुम्ही आत जा, दार लावून घ्या."

सरांनी तोंड उघडलं. काकू काळजीने त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेसमोर ते नुसतेच खोकले.

"हळू आरड गो," काकू पदराखाली पुटपुटल्या, "तेंका बरा नाय."